मंत्र्याची डायरी वाचायची कशी?

कोल्हापुरातल्या कुठल्याही जुन्या ग्रंथालयात पुढाऱ्यांच्या आत्मचरित्रांचं कपाट भरलेलं असतं. सोसायटी, कारखाना, जिल्हा परिषद, मग मुंबई असा प्रवास सांगणारी जाडजूड पुस्तकं. पदावर असताना रोजच्या रोज लिहिलेली आणि पुढे छापली गेलेली डायरी मात्र त्यात क्वचित हाताला लागते. लागली तरी आपण ती चुकीच्या टोकाकडून उघडतो. आधी मागची नामसूची काढायची, ओळखीची नावं शोधायची, कोण कुणाला काय बोललं ते चार पानांत चाळायचं आणि कट्ट्यावर सांगण्याजोगा एक किस्सा मिळाला की पुस्तक परत. किस्से मलाही आवडतात. पण त्यासाठी डायरीच कशाला हवी, ते आत्मचरित्रात जास्त रंगवलेले मिळतात.

अमुक तारखेच्या रात्री, दिवे मालवण्यापूर्वी, त्या माणसाला नेमकं किती ठाऊक होतं हे मात्र डायरीतच कळतं. लढाई कोण जिंकणार, सरकार टिकणार की पडणार, शेजारी बसलेला सहकारी उद्या फुटणार की नाही, हे त्याला माहीत नसतं. आपल्याला माहीत असतं. हा फरक वाचताना सतत जागा ठेवायचा. खाली सांगितलेली सगळी खटपट त्यासाठीच आहे.

उदाहरणासाठी आपल्या भागातल्या माणसाचंच पुस्तक घेऊ. यशवंतराव चव्हाण १९३८ साली कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजातून बी. ए. झाले. नोव्हेंबर १९६२ मध्ये, चीनच्या युद्धानंतर, ते संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, हे वाक्य घरातल्या जुन्या माणसांकडून आपण सगळ्यांनीच ऐकलंय. १९६५ च्या पाकिस्तानशी झालेल्या युद्धात त्यांनी डायरी लिहिली. त्यांचे त्यावेळचे खासगी सचिव राम प्रधान यांनी ती २००७ साली इंग्रजी पुस्तकातून प्रसिद्ध केली. युद्ध थोडक्या दिवसांचं आणि तारखा पक्क्या, त्यामुळे नवख्या वाचकाला हात बसवायला हे पुस्तक सोयीचं.

हातात नेमकं काय आहे?

पहिलं काम ग्रंथालयातच, पुस्तक घरी न्यायच्या आधी करायचं. मुखपृष्ठावर ‘डायरी’ छापलंय म्हणून आत डायरीच असेल असं नाही. उभ्या उभ्या पंधरा-वीस पानं उलटा. प्रत्येक नोंदीला तारीख आहे का? नोंदीची भाषा ‘आज’ची आहे, की ‘त्या काळात मी’ अशी? नेत्याचा मजकूर आणि संपादकाचा मजकूर वेगळ्या टाइपात आहेत, की दोन्ही एकमेकांत मिसळलेत?

प्रधानांच्या पुस्तकात यशवंतरावांच्या नोंदींबरोबर प्रधानांचं स्वतःचं निवेदनही आहे. ते स्वतः त्या कार्यालयात होते, त्यामुळे निवेदन मोलाचंच. पण ते नंतरचं आहे, आणि दुसऱ्या माणसाचं आहे. अशा पुस्तकात पेन्सिल घेऊन मंत्र्याच्या मजकुराला समासात एक उभी रेघ मारत जावी. पुस्तक ग्रंथालयाचं असेल तर मारू नका, कागदाच्या पट्ट्या लावा. हे एवढं केलं नाही तर महिन्याभरानं ‘यशवंतरावांनी लिहिलंय’ म्हणून तुम्ही प्रधानांचं वाक्य सांगत असाल.

‘कृष्णाकाठ’ घरी असेल तर ते शेजारी ठेवा, फरक लगेच दिसेल. ते आत्मचरित्र आहे आणि १९४६ च्या आसपास, म्हणजे सत्तेच्या दारात, येऊन थांबतं. पुढचे खंड लिहून होण्याआधीच, नोव्हेंबर १९८४ मध्ये, यशवंतराव गेले. ज्यानं आपलं बालपण साठीनंतर निवांत बसून लिहिलं, त्यानंच लढाईच्या धामधुमीत रात्री लिहिलेलं वाक्य कसं असतं, ते जवळ ठेवून बघण्यासारखं आहे.

आणखी एक घोटाळा होतो. पेशव्यांच्या रोजनिशा म्हणून ग. चि. वाडांनी निवडून काढलेले जे खंड आहेत, ते या जातीचे नव्हेत. तो दप्तरातला कारभार आहे: सनदा, हुकूम, खर्च. त्यात पेशव्याच्या मनातलं शोधायला गेलात तर हिरमोड होईल. कारभार शोधायला गेलात तर खजिना आहे.

लिहिलं कधी, कसं?

प्रस्तावना आपण सोडून देतो. डायरीच्या बाबतीत ती सोडायची नाही. उलट दोनदा वाचायची, कारण नोंदी कशा तयार झाल्या हे तिथेच लिहिलेलं असतं. तीन नमुने सांगतो.

अमेरिकेचे अध्यक्ष जिमी कार्टर दिवसातून अनेकदा ध्वनिमुद्रणयंत्रावर बोलून ठेवत आणि सचिव ते टंकलिखित करत. चार वर्षांत पाच हजारांहून जास्त पानं झाली. २०१० साली त्यातला निवडक भाग छापला, तोही कार्टरांनीच निवडला आणि मधे मधे आपली नंतरची टिपणंही जोडली. म्हणजे एकाच पानावर १९७८ चे कार्टर आणि तीस वर्षांनी म्हातारे झालेले कार्टर बोलतात. हे प्रामाणिकपणाचं आहे, कारण दोन्ही आवाज वेगळे दाखवलेत. पण घाईत वाचणाऱ्याच्या हातून ते एक होतात.

त्यांच्यानंतरचे रोनाल्ड रेगन हातानं लिहायचे. आठही वर्षं. शिवीसारखा साधा शब्द आला तरी मधली अक्षरं गाळून तिथे रेघा काढायचे, स्वतःच्या खासगी वहीतसुद्धा. माणूस कळायला असल्या गोष्टी पुरतात. पण माझा मुद्दा ३० मार्च १९८१ चा. त्या दिवशी त्यांच्यावर गोळी झाडली गेली. डायरीत त्या तारखेची नोंद आहे, मात्र ती त्यांनी बरं होऊन घरी आल्यावर लिहिली. तारीख एक आणि लेखन दुसऱ्या दिवसाचं, असं प्रत्येक डायरीत कुठे ना कुठे असतंच. आजारपण, परदेश दौरा, निवडणूक, मोठं संकट यांच्या आसपास ते हमखास सापडतं. नोंद नेहमीपेक्षा लांब, सुबक आणि शेवट ठाऊक असल्यासारखी वाटली की समासात प्रश्नचिन्ह टाकावं.

तिसरे ब्रिटनचे रिचर्ड क्रॉसमन. १९६४ ते १९७० या काळात मजूर पक्षाच्या सरकारात मंत्री. आठवडाअखेरीला गावाकडच्या घरी जाऊन आठवड्याचं सगळं बोलून ठेवायचे. मंत्रिमंडळ आतून कसं चालतं हे लोकांना कळलं पाहिजे, या हेतूनंच त्यांनी डायरी ठेवली. म्हणजे सोमवारची गोष्ट शनिवारी सांगितलेली, आणि वाचक समोर धरून सांगितलेली. ती वाचनीय आहे ती याच कारणानं, आणि जपून वाचायची तीही याच कारणानं.

कात्री कुणी चालवली?

क्रॉसमन १९७४ मध्ये वारले. डायरी छापू नये म्हणून ब्रिटिश सरकारच्या अॅटर्नी जनरलनी कोर्टात धाव घेतली. १९७५ मध्ये न्यायमूर्ती लॉर्ड विजरी यांनी बंदी नाकारली. मंत्रिमंडळातली गोपनीयता कोर्ट राखू शकतं, पण दहा वर्षांपूर्वीच्या बैठका बाहेर आल्यानं आज काही बिघडत नाही, असा त्या निकालाचा सूर होता. त्यानंतर तीन खंड निघाले.

आपल्याकडे मंत्री शपथ घेतो ती पदाची आणि गोपनीयतेची. टीव्हीवर शपथविधी बघताना दुसरा भाग आपल्या कानांवरून जातो. राज्यघटनेच्या तिसऱ्या परिशिष्टात तिचा मजकूर आहे: मंत्री म्हणून जे विचारासाठी समोर येईल किंवा कळेल, ते कामाच्या गरजेशिवाय कुणालाही प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष उघड करणार नाही. वर १९२३ चा शासकीय गुपितं कायदा आहेच. तेव्हा भारतीय मंत्र्याची छापील डायरी हातात आली की गाळणी किती ठिकाणी लागली असेल याचा अंदाज बांधूनच बसावं. लिहिताना त्यानं स्वतः गाळलं, मग घरच्यांनी, मग संपादकानं, शेवटी प्रकाशकाच्या वकिलानं.

तपासायचं कसं? गाळलेल्या जागी तीन टिंबं किंवा चौकटी कंस आहेत का ते बघा. मूळ वह्या कुठे ठेवल्यात हे संपादकानं सांगितलंय का? एखाद्या वहीच्या पानाचं छायाचित्र छापलंय का? छापलं असेल तर त्या तारखेची छापील नोंद काढून ओळीशी ओळ जुळवा. दहा मिनिटांचं काम आहे, संपादकाचा हात केवढा चालला ते कळतं. रेगन यांच्या डायरीची आधी २००७ मध्ये निवडक आवृत्ती आली, २००९ मध्ये विस्तृत. अशा वेळी मोठी आवृत्ती मिळत असेल तर छोटीच्या वाटेला जाऊ नये.

वहीची तयारी

वाचायला बसण्याआधी एक साधी वही आखून घ्या. डाव्या पानावर तारखा, उजवं पान कोरं. डाव्या पानावर डायरीच्या बाहेरून मिळालेल्या, निर्विवाद घटनाच लिहायच्या. १९६५ साठी एवढ्या पुरेत: १ सप्टेंबरला पहाटे पाकिस्ताननं जम्मूतल्या छांब भागात हल्ला चढवला, त्याच संध्याकाळी आपलं हवाई दल लढाईत उतरलं. ६ सप्टेंबरला आपल्या फौजांनी लाहोरच्या दिशेनं आंतरराष्ट्रीय सीमा ओलांडली. ८ ते १० सप्टेंबर, पंजाबातल्या खेमकरणजवळ असल उत्तरची रणगाड्यांची लढाई, अब्दुल हमीद यांचं परमवीरचक्र तिथलंच. २३ ला पहाटे युद्धबंदी. १० जानेवारी १९६६ ला ताश्कंदचा करार आणि त्याच रात्री पंतप्रधान शास्त्रीजींचा मृत्यू.

उजव्या पानावर डायरीतून तीनच गोष्टी टिपायच्या. त्या दिवशी त्याला काय कळलं, कुणाकडून कळलं, आणि त्यावर त्यानं काय केलं. मत, चिडचिड, कौतुक या खात्यात घ्यायचं नाही, त्यासाठी वहीची मागची पानं ठेवा. ‘कुणाकडून कळलं’ या रकान्याचा लोक कंटाळा करतात, पण मला तोच सगळ्यात उपयोगी वाटतो. मंत्र्याला लढाईची आघाडी दिसत नाही. त्याला माणसं दिसतात, जी येऊन सांगतात. कोण रोज येतं, कोण फक्त फोन करतं, वाईट बातमी कोण आणतं आणि कोण ती दुसऱ्याकडून पोहोचवतं, हे आठ-दहा नोंदींत उलगडतं.

खासबागेत लाल मातीत उतरलेल्या पैलवानाला जोडीदाराची पकड कळते, सगळी कुस्ती कळते ती वर गॅलरीत बसलेल्याला. डायरी मातीतून लिहिलेली असते.

पहिलं वाचन

न थांबता. तळटिपा नाहीत, नकाशे नाहीत, मोबाइल तर नाहीच. एका बैठकीत जेवढे दिवस झेपतील तेवढे. आणि पुढचं पान आधी उघडायचं नाही. ५ सप्टेंबरची नोंद वाचताना ६ तारीख अजून उजाडलेली नाही असं धरून बसायचं. सोपं नाही हे, कारण डावं पान आपणच लिहून ठेवलंय. पण ‘याला कसं कळलं नाही?’ हा प्रश्न मनात आला की समजायचं, आपण आपल्या काळात परत आलो.

इंग्रजी अडतं म्हणून बरेच जण अशी पुस्तकं टाळतात. नोंदी बहुधा तुटक असतात, वाक्यं छोटी. शब्दकोशापेक्षा खरी अडचण हुद्द्यांची आणि लष्करी शब्दांची. कोर मोठी की डिव्हिजन, ब्रिगेडमध्ये किती बटालियन, लेफ्टनंट जनरल वरचा की मेजर जनरल? यासाठी कोल्हापूरकराला लांब जायला नको. शिरोळ तालुक्यातल्या सैनिक टाकळीसारखी गावं आपल्याच जिल्ह्यात आहेत आणि दर दोन-चार गल्ल्यांआड एखादे माजी सुभेदार काका असतातच. चहा पाजून विचारा. पुस्तकातल्या परिशिष्टापेक्षा नीट सांगतील, फक्त एका चहात उठायची अपेक्षा ठेवू नका.

दुसरं वाचन: एकच आठवडा, बाहेरच्या कागदांशी

संपूर्ण डायरी बारकाईनं ताडून बघणं अभ्यासकांचं काम. आपण एक आठवडा घ्यायचा. पासष्टसाठी मी ४ ते १० सप्टेंबर सुचवीन, कारण त्यात धाडस आणि धास्ती दोन्ही येतात.

पहिला कागद संसदेचा. लोकसभेच्या चर्चा संसदेच्या डिजिटल ग्रंथालयात फुकट बघता येतात. ६ सप्टेंबरला संरक्षणमंत्र्यांनी सभागृहात निवेदन केलं. तेच निवेदन आणि त्याच दिवसाची डायरी शेजारी ठेवा. एक माणूस, एक दिवस, दोन श्रोते. सभागृहात जे ठामपणे सांगितलं त्यामागे रात्रीच्या वहीत किती ठामपणा आहे? निवेदनात जे नाही ते डायरीत आहे का? आणि उलटंही बघा, ते लोक विसरतात.

दुसरा कागद वर्तमानपत्रांचा. १८५० साली स्थापन झालेलं करवीर नगर वाचन मंदिर आणि शिवाजी विद्यापीठाचं बॅरिस्टर खर्डेकर ग्रंथालय ही आपली दोन मोठी ठिकाणं. जुन्या फायली कुठल्या वर्षांच्या आहेत, बघायला देतात का, हे आधी जाऊन विचारून या. ‘पुढारी’ तेव्हाही निघत होता, पुण्या-मुंबईची दैनिकंही होती. फाइल मिळाली तर एक सांभाळा: ६ तारखेची घटना ७ च्या अंकात येते, युद्धात कधी त्याहूनही उशिरा. तारखा जशाच्या तशा जुळवायला गेलात तर मंत्री खोटं लिहितोय असा भलताच निष्कर्ष निघायचा. ग्रंथपालांना वर्ष आणि महिना सांगून ठेवलं की पुढच्या खेपेला गठ्ठा काढून ठेवतात, असा सर्वसाधारण अनुभव.

तिसरा कागद, त्याच घटनेतल्या दुसऱ्या माणसाचं लेखन. इथे पासष्टमध्ये एक गाजलेला वाद आहे. खेमकरणची परिस्थिती नाजूक असताना लष्करप्रमुख जनरल जे. एन. चौधरी यांनी बियास नदीच्या मागे हटायची सूचना केली आणि आपण ती मानली नाही, असं पश्चिम विभागाचे सेनापती लेफ्टनंट जनरल हरबक्ष सिंग यांनी नंतर सांगितलं. यावर आजही वाद घालतात. मग ९ आणि १० सप्टेंबरच्या नोंदी काढा. मंत्र्यापर्यंत यातलं काय पोहोचलं? सरसेनापती आणि सेनापती यांच्यातला ताण त्याला दिसत होता, की त्याला फक्त दमलेला चेहरा दिसला? डायरीत एखादी गोष्ट नसली म्हणजे ती घडली नाही असा अर्थ काढायचा नाही. ती त्याच्यापर्यंत आली नाही, किंवा आली आणि त्यानं लिहिली नाही, एवढंच म्हणता येतं. दोन्हींत फरक आहे, आणि तो फरक ठरवायला ‘कुणाकडून कळलं’ हा रकाना कामाला येतो.

जे लिहिलं नाही ते

कॅनडाचे पंतप्रधान मॅकेन्झी किंग यांनी १८९३ पासून १९५० पर्यंत डायरी लिहिली, सुमारे तीस हजार पानं. १९४५ च्या सप्टेंबरमध्ये ओटावातल्या सोव्हिएत वकिलातीतला एक कर्मचारी हेरगिरीचे कागद घेऊन बाहेर पडला आणि मोठं प्रकरण झालं. याच वर्षीची १० नोव्हेंबर ते ३१ डिसेंबर ही वही मात्र गायब आहे.

एवढी ठसठशीत रिकामी जागा क्वचितच मिळते. नेहमीच्या डायरीत ती शोधावी लागते. सोपी युक्ती: वहीत प्रत्येक दिवसाला नोंद किती ओळींची ते लिहीत जा. सरासरी पंधरा-वीस ओळी लिहिणारा माणूस एखाद्या महत्त्वाच्या दिवशी दोन ओळींत आटोपतो, तिथे खूण करा. थकवा असेल, काहीतरी टाळणंही असेल. मग विषय बघा. पक्षाचा पैसा, तिकीटवाटप, नातेवाइकांची कामं, जातीची गणितं, आपल्या मतदारसंघातून आलेली शिष्टमंडळं. आपल्याकडे राजकारण ज्यावर चालतं असं कट्ट्यावरचं पोरगंही सांगेल, ते छापील डायरीत किती येतं ते मोजा. बहुधा फार कमी. त्यावरून लगेच ढोंगीपणाचा शिक्का मारू नये. काहींना त्यात लिहिण्याजोगं काही वाटतच नाही, ते पाण्यासारखं गृहीत असतं.

चुकलेला अंदाज

याच किंगनी २९ जून १९३७ ला बर्लिनमध्ये हिटलरची भेट घेतली आणि डायरीत त्याच्याबद्दल भलतंच चांगलं मत लिहिलं. दोन वर्षांत महायुद्ध पेटलं आणि कॅनडाही त्यात उतरला. असा उतारा दिसला की वाचकाला चेव येतो, बघा किती भोळा! माझं म्हणणं, असला उतारा सापडला की डायरीवरचा विश्वास वाढवावा. आत्मचरित्रात हे वाक्य टिकलं नसतं. छापण्याआधी ते कुणीतरी पुसलं असतं किंवा पुढे ‘पण मनात कुठेतरी शंका होती’ अशी शेपूट जोडली असती. ज्या डायरीत नेत्याचा एकही अंदाज चुकत नाही, त्या डायरीच्या संपादकाकडे नीट बघा.

म्हणून वहीच्या शेवटी एक यादी करा: त्यानं काय होईल असं धरलं होतं आणि काय झालं. माणसांबद्दलचे अंदाज वेगळे, घटनांबद्दलचे वेगळे. बऱ्याच नेत्यांचे माणसांबद्दलचे अंदाज घटनांपेक्षा जास्त बरोबर निघतात, निदान मला तसं दिसलंय.

एकट्यानं की मिळून?

पहिलं वाचन एकट्यानं, दुसरं शक्य असेल तर चार-पाच जणांनी मिळून. प्रत्येकानं एकेक कागद उचलायचा: एकानं संसद, एकानं वर्तमानपत्र, एकानं हरबक्ष सिंग, एकानं नकाशा. डायरी एकानं मोठ्यानं वाचायची आणि प्रत्येक तारखेला बाकीच्यांनी आपापल्या कागदात काय आहे ते सांगायचं. यात अट एकच, आजच्या पक्षांची नावं काढायची नाहीत. काढली की पुढचा तास महापालिकेवर जातो, आणि कोल्हापुरात तो एका तासात संपतही नाही.

पुस्तक मिळेपर्यंत हात बसवायचा असेल तर किंग यांची डायरी कॅनडाच्या राष्ट्रीय ग्रंथालय-अभिलेखागारानं मूळ पानांच्या चित्रांसह इंटरनेटवर फुकट ठेवली आहे आणि शब्द टाकून शोधताही येते. तीस हजार पानांकडे बघून घाबरू नका. जून १९३७ चा शेवटचा आठवडा उघडा, बर्लिनला पोहोचण्याआधीच्या नोंदींपासून सुरुवात करा, आणि २९ तारखेचं पान येईपर्यंत पुढे उडी मारू नका.